स्फोटाची चाहूल

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या वाटेला लागलं की मिठागरं मागे पडतात आणि चौकच्या बाजूला एक टेकडी लागते. तिच्यावर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. धारावी म्हटल्यावर ज्यांना माहीम-शीवमधली दाट वस्तीच आठवते, त्यांना ही धारावी सहसा ठाऊक नसते. इथून वसईच्या खाडीचं मुख दिसतं आणि पलीकडे वसईचा कोट. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेनं ही जागा पोर्तुगिजांकडून घेतली ती हे दृश्य ताब्यात यावं म्हणूनच. धारावी हाती आली की खाडीतून वसईला जाणाऱ्या गलबतांवर पहारा बसला.

पलीकडचा कोट मात्र तोफांना दाद देईना. मग कुदळी-फावडी पुढे झाली. तटाखाली भुयार न्यायचं, त्याच्या पोटात दारू ठासायची आणि बत्ती द्यायची, असा सुरुंगाचा खेळ सुरू झाला. मे १७३९च्या पहिल्या दिवसांत बुरुजांखालचे सुरुंग उडाले. सगळे ठरल्या वेळी उडाले नाहीत, पण जे उडाले त्यांनी तटाला खिंडार पाडलं. मेच्या मध्यावर वसई पडली. त्या विजयाच्या कथा मराठी घरांत आजही रंगवून सांगितल्या जातात. कोटाच्या आत बसलेल्यांना वेढ्यातल्या रात्री काय ऐकू येत असेल, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. पायाखाली कोणीतरी खणतंय, पण नेमकं कुठे, आणि ते कधी पेटणार?

हा प्रश्न वसईच्याही दोन हजार वर्षं आधीचा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं उत्तर आफ्रिकेतल्या बार्का शहराच्या वेढ्याची हकिगत लिहून ठेवली आहे. इराणी सैन्य तटाखालून भुयारं खणत होतं. शहरातल्या एका तांबटानं काशाची ढाल घेतली आणि तटाच्या आतून फिरत ती जागोजागी जमिनीवर टेकवून पाहिली. एरवी मुकी असलेली ढाल खाली खणती चालू असेल तिथे घुमे. आतल्यांनी त्याच जागी उलटं भुयार खणून शत्रूला गाठलं. पुढे युरोपातल्या वेढ्यांत ढोलावर वाटाणे पसरून ठेवत, किंवा पाण्यानं भरलेलं भांडं जमिनीवर ठेवून त्यावर तरंग उठतात का ते बघत. स्फोट व्हायच्या आधी त्याचा सुगावा लावणारं हे जगातलं पहिलं उपकरण म्हणायला हरकत नाही. ते एका माणसाच्या हातात मावत होतं आणि त्याला वीज लागत नव्हती.

मुंबईला असं यंत्र यायला १९वं शतक उजाडावं लागलं, आणि तेही आलं वेगळ्याच कामासाठी. ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा बांधली ती जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. १८४१पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नियमित होऊ लागल्या. शतक संपता संपता भूकंपमापकही आला. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत एक मोठा पेच उभा राहिला. मुंबईत विजेची ट्राम येऊ घातली होती. तिच्या विजेच्या प्रवाहानं चुंबकाच्या सुया थरथरल्या असत्या आणि साठ-पासष्ट वर्षांची नोंदमाला बिघडली असती. तोडगा निघाला तो अलिबागचा. चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे हलवली गेली आणि ट्राम १९०७ साली निर्धोक धावू लागली.

अलिबागची ही गोष्ट एरवी खगोलाच्या किंवा भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत आटोपते. पण स्फोट हुडकणाऱ्या प्रत्येक यंत्राचं दुखणं तिच्यात आहे. यंत्र जितकं हळवं तितका शहराचा गोंगाट त्याला सोसवत नाही. लोकलची धडधड, खदानीतली जिलेटीनची कांडी, दिवाळीचा सुतळी बॉम्ब, शेतकऱ्याच्या बोटांना चिकटलेलं खत, हृदयरोग्याच्या खिशातली नायट्रोग्लिसरिनची गोळी. त्यातलं खरं संकट कोणतं, हे ओळखायची अक्कल त्या धातूच्या किंवा काचेच्या तुकड्याला कोणीतरी द्यावी लागते.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उभं होतं. इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघून, कराचीत थांबून ते दोन दिवसांपूर्वी मुंबईला लागलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता. त्याच पोटात कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं आणि सोन्याच्या विटांच्या पेट्याही होत्या. कापूस, तेल आणि दारू एका छपराखाली ठेवायची नाही, हे कोणताही वखारवाला सांगेल. पण युद्धाचे दिवस होते आणि जहाजं कमी होती. दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर निघतोय असं लक्षात आलं. बंबवाल्यांनी ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं. धुरामुळे आग कुठे आहे ते सापडेना. जहाजावर साचलेलं पाणी उकळू लागलं, तरी आत नेमकं किती तापलंय हे सांगणारं काहीही कोणापाशी नव्हतं. तीन पन्नासला जहाज सोडायचा हुकूम निघाला. चार वाजून सहा मिनिटांनी ते फुटलं, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला.

बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. आवाज ८० किलोमीटरपर्यंत गेला, म्हणजे भाईंदरची मिठागरं आणि उत्तनचे कोळीवाडे त्या टप्प्यात सहज येतात. कुलाब्याच्या भूकंपमापकानं दोन्ही स्फोट कागदावर उतरवले. दूर सिमल्याच्या यंत्रानंही जमीन हलल्याची नोंद केली. शेजारची जहाजं बुडाली किंवा बुडायला आली. आगीत ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. एकूण मृतांचा आकडा ८०० ते १,३०० यांच्यामध्ये कुठेतरी सांगितला जातो. एका शहरातल्या मृत्यूंच्या मोजणीत पाचशेंचा फरक पडावा, यातच त्या दुपारचं चित्र पुरेसं स्पष्ट होतं.

पण खरी गंमत, तिला गंमत म्हणायचं तर, पुढेच आहे. सिमल्याच्या सुईनं काही मिनिटांत जे लिहिलं, ते देशातल्या वर्तमानपत्रांना छापायला महिना जावा लागला. सेन्सॉरनं बातमी अडवून ठेवली होती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं मात्र दुसऱ्याच दिवशी स्फोटाची तपशीलवार बातमी दिली. ब्रिटिश हिंदुस्थानात बातमी मोकळी झाली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. गोदी पुन्हा वापरात आणायला आठ हजार माणसांनी सात महिने पाच लाख टन मलबा उपसला. सोन्याच्या विटा तर पुढे कित्येक वर्षं गाळ काढताना वर येत राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर मुंबईनं दुरून स्फोट ओळखायची कला एका वेगळ्या कारणासाठी शिकून घेतली. अणुचाचण्या कोण करतंय, हे जमिनीच्या थरथरीवरून कळतं. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रानं १९६५ साली ब्रिटिश अणुऊर्जा संस्थेच्या मदतीनं कर्नाटकात गौरीबिदनूरला भूकंपमापकांची रांगच्या रांग उभारली. गौरीबिदनूरच का? कारण तिथली जमीन कठीण खडकाची आणि आसमंत शांत. ट्रामला भिऊन अलिबागला गेलेल्या सुयांचंच हे पुढचं बिऱ्हाड. एकाच ठिकाणी एक मापक ठेवण्याऐवजी अनेक मापक ठरावीक अंतरांवर मांडले की लाट कुठून आली ते कळतं आणि गोंगाट एकमेकांत विरून जातो. खडक घसरून झालेला भूकंप आणि माणसानं केलेला स्फोट यांच्या लाटांचा आकार वेगळा असतो, तो या रांगेला ओळखता येतो. तरीही डावपेच चालतातच. १३ मे १९९८ रोजी पोखरणमध्ये झालेल्या छोट्या चाचण्या परदेशी केंद्रांच्या नोंदीत आढळल्या नाहीत, आणि त्यावरून शास्त्रज्ञांमध्ये पुढे बरीच वर्षं हमरीतुमरी झाली.

ही सगळी यंत्रं मात्र एकच गोष्ट सांगतात. झालं. फुटलं. अमुक वाजता, तमुक ठिकाणी. अलीकडे अमेरिकी सैन्यानं तळहातात मावेल असं ‘ब्लास्ट गेज’ सैनिकांच्या अंगावर बसवलं. ते स्फोटाच्या धक्क्याची लाट मोजतं, म्हणजे वरून धडधाकट दिसणाऱ्या जवानाच्या मेंदूला मार बसलाय का ते डॉक्टरला कळतं. उपयुक्तच, पण तेही स्फोटानंतरचंच. बार्काच्या तांबटाचा प्रश्न होता तो आधीचा.

आधीचं ओळखायचं तर धक्का नाही, वास लागतो. इथे रसायनशास्त्र आडवं येतं. डायनामाइटमधल्या काही द्रव्यांची वाफ बऱ्यापैकी उडते. टीएनटीची खूपच कमी, हवेच्या अब्ज रेणूंत तिचे मोजके रेणू सापडतात. आरडीएक्सची आणखी हजारपटीनं कमी. त्याला जवळजवळ वासच नाही. शिवाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं, वर ग्रीस फासलं की उरलासुरला वासही अडतो. १९८८ साली लॉकरबीवर पाडलेल्या विमानातला सेमटेक्स बॉम्ब कोणालाच न दिसल्यावर जगानं १९९१ मध्ये मॉन्ट्रियलला करार केला. प्लास्टिक स्फोटकं बनवतानाच त्यांत वाफ सोडणारा एक पदार्थ मिसळायचा, असं ठरलं. चोराच्या पायात घुंगरू बांधण्यासारखंच हे. फक्त चोरानं बाजारातला अधिकृत माल घ्यायला हवा.

लॉकरबीच्या आधी तीन वर्षं, २३ जून १९८५ रोजी, एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं. ३२९ माणसं गेली. विमान कॅनडाहून लंडनमार्गे दिल्लीकडे निघालं होतं. टोरांटोच्या विमानतळावर त्या दिवशी सामान तपासणारं क्ष-किरण यंत्र ऐनवेळी बंद पडलं. उरलेल्या बॅगा हातात धरायच्या एका वासयंत्रानं तपासल्या गेल्या. एका बॅगेवर ते बारीकसं वाजलंही. वाजल्यावर काय करायचं हे तपासणाऱ्यांना कोणी नीट सांगितलं नव्हतं, आणि बॅग पुढे गेली. ते यंत्र बिनकामाचं आहे हे चाचणीत काही महिने आधीच दिसलं होतं, असं पुढे कॅनडाच्या चौकशी आयोगापुढे आलं. आयोगाचा अहवाल आला २०१० साली, घटनेनंतर पंचवीस वर्षांनी.

मुंबईत १२ मार्च १९९३ या एका दुपारी बारा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ लोक मारले गेले. त्यात वापरलेलं आरडीएक्स आधीच्या महिन्यात रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला उतरलं होतं. ते उतरताना टिपायला यंत्राची गरज नव्हती. ट्रकभर माल होता आणि वाटेवर चौक्या होत्या. खटल्यात कस्टम्सच्या काही अधिकाऱ्यांना आणि पोलिसांनाही शिक्षा झाली. त्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांत सागर रक्षक दलं उभी राहिली. समुद्रावर रोज जाणारा कोळी हा अनोळखी होडी ओळखणारा सगळ्यात जुना पहारेकरी, हे सरकारला त्या निमित्तानं पटलं. मीरा-भाईंदरच्या हद्दीत आज उत्तनला सागरी पोलीस ठाणं आहे.

शहरात मात्र वास काढायचं काम एका लॅब्राडॉरच्या नाकावर पडलं. त्याचं नाव झंजीर. पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकून तो १९९२च्या डिसेंबरात मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात आला होता, म्हणजे नोकरीला तीन महिनेही झाले नव्हते. १५ मार्चला झवेरी बाजाराजवळ धनजी स्ट्रीटला एक बेवारस स्कूटर उभी होती. झंजीर तिच्यापाशी थबकला. स्कूटरमध्ये आरडीएक्स होतं. पुढच्या काळात त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातगोळे जमा झाले. २००० सालच्या नोव्हेंबरात तो गेला तेव्हा त्याला पोलिसांनी मानवंदना दिली. फुलांखाली झाकलेला तो सोनेरी कुत्रा आणि त्याच्यापुढे झुकलेले अधिकारी, हे छायाचित्र अजून फिरतं.

आरडीएक्सला वास नाही असं शास्त्र म्हणतं आणि कुत्रा ते शोधतो, हे कसं? हँडलर मंडळींना हे कोडं वाटत नाही. स्फोटक कधी शुद्ध नसतं. त्यात बांधणीचं तेल असतं, प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं असतात, कारखान्यात राहिलेले अंश असतात. कुत्रा या सगळ्याचा मिळून एक ‘मसाला’ ओळखतो, जसं आपण शेजारच्या घरात कालवण कसलं शिजतंय ते दारातूनच सांगतो. पण कुत्रा दमतो. अर्ध्या-पाऊण तासानं त्याला विसावा लागतो, उन्हात नाक मंदावतं, आणि रोज लाखोंनी माणसं ओतणाऱ्या रेल्वे स्थानकांच्या दारादारांत पुरतील इतके कुत्रे कुठून आणायचे? २६/११च्या हल्ल्याच्या रात्री राबलेले मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर हे निवृत्तीनंतर खाडीपलीकडे विरारच्या एका शेतघरात राहिले. चौघेही २०१६ या एकाच वर्षात गेले.

११ जुलै २००६ला मंगळवार होता. संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये फर्स्ट क्लासच्या डब्यांत स्फोट झाले. वांद्रे, खार, माहीम, जोगेश्वरी, बोरीवली ही नावं लोकांच्या तोंडी राहिली. मीरा रोड आणि भाईंदरच्या मधलं नाव तितकं घेतलं जात नाही, कारण ते स्थानक नव्हतंच, दोन स्थानकांमधला रुळांचा तुकडा होता. सातांतला एक स्फोट तिथे झाला. सातही मिळून मृतांची संख्या जवळपास १९० आणि जखमी आठशेंच्या घरात. घरी परतायची वेळ, दारात लटकलेली माणसं, आणि वर कुठेतरी ठेवलेली एक पिशवी. त्या वेळी चर्चगेटच्या फलाटावर कितीही चांगलं यंत्र असतं, तरी प्रत्येक पिशवीला एकेक मिनिट दिलं असतं तर मुंबई बंद पडली असती. विमानतळाचा उपाय लोकलला लागू पडत नाही. लोकलसाठी हवं होतं ते लहान, स्वस्त आणि झटपट.

त्याच काळात पवईला आयआयटी मुंबईत एक पथक अशाच वस्तूच्या मागे होतं. त्याची मुळं स्वित्झर्लंड-अमेरिकेतल्या एका शोधात आहेत. १९८६ साली अणुबल सूक्ष्मदर्शक तयार झाला. त्यात सूक्ष्म फळीच्या टोकाला सुई असते आणि फळी किती वाकली यावरून पृष्ठभागाची उंची कळते. ही फळी दमट हवेनं, उष्णतेनं, कशानंही वाकते, अशी संशोधकांची तक्रार असे. केरळचे थॉमस थुंडट अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत होते. त्यांनी त्या तक्रारीचंच भांडवल केलं. फळी इतकी हळवी आहे ना, मग तिलाच नाक बनवू. तिच्या एका अंगाला असं रसायन लावायचं की त्याला टीएनटीचे रेणू चिकटतील. ते चिकटले की त्या बाजूला ताण येतो आणि फळी वाकते. २००३ मध्ये त्यांच्या गटाचा टीएनटीच्या वाफेवरचा निबंध ‘नेचर’मध्ये आला.

पवईच्या पथकाचे प्रमुख होते प्रा. रामगोपाल राव. त्यांनी सिलिकॉनऐवजी मऊ पॉलिमरची फळी घडवली. सुतारालाही पटेल असं कारण: मऊ फळी तेवढ्याच वजनाखाली जास्त वाकते. वाकणं बघायला लेझर आणि भिंगं नकोत म्हणून फळीतच एक विजेचा रोध बसवला. फळी वाकली की रोध बदलतो, आणि ते मोजायला साधी इलेक्ट्रॉनिक चिप पुरते. फळीची लांबी माणसाच्या केसाच्या दोन-तीन जाडींएवढी. हीच युक्ती रक्तातली हृदयविकाराची खूण ओळखायलाही चालेल, असं या मंडळींच्या लक्षात आलं होतं. राव यांना २०१३ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पुढे ते आयआयटी दिल्लीचे संचालक झाले. या कामातून निघालेल्या ‘नॅनोस्निफ’ कंपनीनं ९ एप्रिल २०२१ रोजी ‘नॅनोस्निफर’ बाजारात आणला. संशयित वस्तू स्वॅबनं पुसायची, स्वॅब यंत्रात घालायचा, दहा सेकंदांच्या आत उत्तर. काही नॅनोग्रॅम अंशही चालतो, म्हणजे ग्रॅमच्या शंभर कोटीव्या भागाच्या हिशोबातला.

याच्या सुमारे वर्षभर आधी, २०२० मध्ये, पुण्यात ‘रायडर-एक्स’ दाखवला गेला. तो दोन मीटरवरून स्फोटक ओळखतो असा दावा होता. तो बनवला पाषाणजवळच्या सुतारवाडीतल्या हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीनं, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर. या प्रयोगशाळेची कुंडली नैनितालला १९०८ साली मांडली गेली. ती १९६० मध्ये पुण्यात आली आणि १९९५ पासून सध्याच्या नावानं चालते. पोलिसांना मात्र तिचं जास्त ओळखीचं अपत्य आहे ते स्फोटक तपासणीची छोटी पेटी: चार-पाच बाटल्या, संशयित भुकटीवर थेंब टाकायचा आणि रंग बघायचा. शाळेतल्या रसायनाच्या तासासारखीच. २०१३ साली तिचं तंत्रज्ञान एका अमेरिकी कंपनीनं घेतलं.

या सगळ्या खटाटोपाकडे बघताना एका यंत्राची आठवण ठेवायलाच हवी, ज्यात फळी नव्हती, वीज नव्हती, रसायन नव्हतं. एडीई ६५१. एक प्लास्टिकची मूठ आणि तिला बिजागरीवर डुलणारी अँटेना. ब्रिटिश व्यापारी जेम्स मॅककॉर्मिकनं ते हजारो डॉलरना इराकला विकलं, आणि बगदादच्या नाक्यांवर शिपाई ते हातात धरून मोटारींशेजारून चालत राहिले. त्याचं मूळ होतं गोल्फचे चेंडू शोधायचं म्हणून विकलं जाणारं वीस डॉलरचं खेळणं. अशाच जीटी२०० नावाच्या कांडीची थायलंडनं २०१० मध्ये चाचणी घेतली. चार खोक्यांतलं एक ओळखायचं, वीस वेळा. ती चार वेळा बरोबर आली. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तर सरासरी पाच वेळा आली असती. मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तोवर त्या नाक्यांवरून कोणते ट्रक गेले याचा हिशोब कोणीच ठेवला नव्हता. विज्ञानकथेतली काल्पनिक यंत्रं निदान पुस्तकातच राहतात. ही खाकी वर्दीच्या हातात पोहोचली.

त्यामुळे नॅनोस्निफरसारख्या उपकरणाबद्दल उत्साह जरूर असावा, पण दर वेळी विचारायचा प्रश्न थायलंडवाल्यांचाच असावा: चार खोकी वीस वेळा मांडा, आणि किती वेळा बरोबर येतं ते आमच्यासमोर दाखवा. मीरा-भाईंदर, वसई-विरार मिळून १ ऑक्टोबर २०२०ला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झालं. इथल्या पोलिसांच्या हाती जे यंत्र येईल त्याचीही चाचणी सुट्टीच्या दिवशी शांत सभागृहात न होता, भाईंदरच्या पुलावर संध्याकाळी सातला, घाम, अत्तर, सुकी मासळी आणि फटाक्याच्या दुकानाचा वास मिसळलेल्या गर्दीत व्हावी. कुलाब्याच्या सुयांना ट्रामपासून दूर नेता आलं. या फळीला गर्दीतच राहायचं आहे.

आणि स्फोटानंतरच्या वासाचाही पाठपुरावा लागतो. २००६च्या खटल्यात विशेष न्यायालयानं २०१५ साली बारा जणांना दोषी धरलं, त्यांतल्या पाचांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्यांची निर्दोष मुक्तता केली. जप्त केलेला माल नीट सीलबंद ठेवला नव्हता, असं निकालपत्रात म्हटलं आहे. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जायला मात्र सांगितलं नाही. उच्च न्यायालयाच्या त्याच निकालात आणखी एक निष्कर्ष आहे: स्फोटांत नेमके कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले गेले, हेदेखील सरकार पक्षाला न्यायालयापुढे आणता आलं नाही.